मेजरांची दवंडी

"गडबड करू नका, खेळ हलत न्हाई." माइकवर नखानं दोन टिचक्या मारायच्या, बारीक खोकायचं आणि हे वाक्य टाकायचं, मग सिनेमाचं नाव. आमच्या थेटरच्या जाहिरातीची जीप चौकात शिरली की आधी हे वाक्य ऐकू यायचं. जीपच्या टपावर दोन बाजूंना दोन भोंगे, मागं सिनेमाचा रंगवलेला बोर्ड आणि स्टिअरिंगवर एक हात ठेवून दुसऱ्या हातात माइक धरलेले मेजर.

तुमच्या गावातही असा एखादा जीपवाला असेल. पण आमच्या मेजरांसारखा आवाज मी पुन्हा कुठं ऐकला नाही. तो आवाज ओरडका नव्हता. माणूस आपल्याच ओट्यावर बसून बोलतोय असं वाटायचं आणि तरी तो नदीपलीकडच्या मळ्यापर्यंत जायचा.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं, सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या अंगाला. गावात थेटर एकच. मी तिथं बुकिंग क्लार्क होतो. मेजर मला 'तिकीटमास्तर' म्हणत. ते स्वतः मेजर वगैरे काही नव्हते. लष्करात पंधरा वर्षं ट्रक चालवून पेन्शनीवर आले होते. पण आमच्याकडं पलटणीतून आलेल्या प्रत्येकालाच मेजर म्हणतात. ते आधी हसून नको म्हणत, मग त्यांनीही नाद सोडला.

एकदा बाजारादिवशी एक म्हातारी जीपला आडवी झाली. तिची शेळी हरवली होती. मेजरांनी जीप थांबवली, म्हातारीला शेळीचा रंग विचारला, शिंगं विचारली आणि सिनेमाच्या आधी शेळी पुकारली. "काळी शेळी, एका कानाला पांढरं, गळ्यात सुतळी. दिसली तर बांधून ठेवा, कापून खाऊ नका." शेळी तासाभरात सापडली. थेटरच्या मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. "भोंगा सिनेमाचा आहे, मेजर." मेजर म्हणाले, "व्हय मालक. पर म्हातारी आता नातवंडं घिऊन शिनेमाला येणार." आणि ती खरंच आली. तेव्हापासून कुणाची वस्तू, कुणाचं जनावर, जत्रेत चुकलेलं पोर, सगळं मेजर पुकारू लागले. मालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

थेटरच्या मागच्या आळीत, माझ्या शेजारीच, दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. वहिनी जतच्या पलीकडच्या, अगदी कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावच्या. माहेरी घरात कानडी. आमच्याशी त्या मराठीच बोलत, पण राग आला की कानडीत बोलत. मेजर म्हणायचे, "शिव्या देती का काय देती, मला कळत न्हाई. म्हणून तर संसार चाललाय." वहिनी हे ऐकत आणि पदर तोंडाला लावून आत जात. त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या तालुक्यांत प्यायला पाणी राहिलं नाही. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि टँकर आला की त्याच्यामागं पळत होती. त्या उन्हाळ्यात वहिनींच्या आईचा सांगावा आला, की ती अंथरुणावर आहे, धड बोलत नाही, लेकीनं येऊन जावं. मेजरांनी मालकांकडून दोन दिवसांसाठी जीप मागून घेतली. भोंगे उतरवले, बोर्ड काढला आणि सकाळी सात वाजता दोघं निघाले. मी थेटरच्या पायरीवर उभा होतो. वहिनींनी हिरवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर गाठोडं होतं. त्या मला म्हणाल्या, "भावजी, दाराची कडी तेवढी बघा."

तिसऱ्या दिवशी मेजर एकटे परत आले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. तासगाव, कवठेमहांकाळ करत ते जतच्या अलीकडं पोचले. ऊन चढलं होतं. माळावर जीपचं पाणी उकळलं, रेडिएटर कोरडा पडला. जवळ घर नाही, विहीर नाही. वहिनींना जीपच्या सावलीला बसवून ते डबा घेऊन निघाले. पहिली विहीर कोरडी, दुसरीही कोरडी. शेवटी तीन मैलांवर खडीच्या कामावर टँकर उभा होता, तिथं हातापाया पडून डबाभर पाणी मिळालं. येऊन-जाऊन तीन तास गेले. परत आले तर जीप होती, वहिनी नव्हत्या. गाठोडंही नव्हतं. हाका मारल्या, ओढ्यात उतरून बघितलं. पुढं गेल्या असतील म्हणून जीप हाणत सासरवाडी गाठली. तिथं आल्याच नव्हत्या. आणि सासू उठून बसली होती, पेज पीत होती.

पोलिसांत नोंद केली, तिकडंही आणि आमच्या गावातही. जीपमधून नाहीशी झालेली बाई, वय तीस, हिरवं लुगडं. गाठोडं बरोबर गेलं म्हटल्यावर लिहून घेणारा हवालदार नुसता हसला. गावानंही तेच धरलं. गेली असंल कुणाबरोबर. पोटी मूल ना बाळ. बायका नळावर असं बोलत आणि मेजर दिसले की घागरी उचलत.

मेजर कामावर येत राहिले. सुट्टीच्या दिवशी यष्टीनं जतकडं जात, त्या रस्त्यानं पायी हिंडत, वाड्यावस्त्यांवर विचारत. माइकवरच्या टिचक्या चालू राहिल्या, पण 'खेळ हलत न्हाई' हे वाक्य बंद पडलं. मला ते ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

दीड वर्षानं तो सिनेमा आला.

हिंदी रहस्यपट होता. रिळांच्या पेटीबरोबर आलेलं हँडबिल सगळ्यात आधी माझ्या हातात पडलं, म्हणून सांगतो. नवरा-बायको मोटारीनं थंड हवेच्या ठिकाणी निघतात. वाटेत घाटात पेट्रोल संपतं. नवरा डबा घेऊन पेट्रोल आणायला जातो, परत येतो तर गाडी आहे, बायको नाही. हँडबिलावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'कुठं गेली ती? रस्त्यानं गिळली की आणखी कुणी?' आणि खाली, 'शेवट कुणालाही सांगू नका.'

मी मालकांकडं गेलो. म्हटलं, यावेळी जाहिरातीला दुसरा कुणीतरी बघा. मालक म्हणाले, "त्याला विचार." मेजर दारातच उभे होते. त्यांनी हँडबिल घेतलं, दोनदा वाचलं, चौघडी करून खिशात घातलं.

"शिनेमा हाय, तिकीटमास्तर. पुकारायचं माझं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात जीप आली. मी खिडकीतून ऐकत होतो. टिचक्या वाजल्या. खोकला झाला. मग तोच आवाज, तसाच ओट्यावर बसल्यासारखा. "कुठं गेली ती? रस्त्यानं गिळली की आणखी कुणी?" समोरच्या पानवाल्याचा हात काताच्या भांड्यात तसाच राहिला. मेजरांनी हँडबिलावरचा शब्दन्‌शब्द म्हटला आणि जीप पुढच्या आळीला नेली. त्या आठवड्यात रोज, दिवसातून दोनदा.

शेवट कुणी लपवून ठेवला नाही. शुक्रवारी पहिला खेळ सुटला आणि शनिवारी सकाळी नळावर सगळ्यांना ठाऊक झालं. सगळा सिनेमाभर बायकोला शोधत रडत हिंडणारा तो नवराच खुनी निघतो. त्यानंच तिला मारून कोरड्या विहिरीत टाकलेलं असतं.

तेव्हापासून गावाचं बोलणं फिरलं. पळून गेली म्हणणारी माणसं आता हळू आवाजात दुसरंच बोलू लागली. शोधायला जातो म्हणून दर रजेला तिकडं कशाला जातो? बघायला जात असेल, कुणाला काही सापडलं का.

रविवारी तीनच्या खेळाला वहिनींचा भाऊ आला. तो सांगलीत एका कारखान्यात फिटर होता. शांत माणूस, मेजरांना 'दाजी' म्हणून लवून बोलणारा. त्याला कुणीतरी मुद्दाम कळवलं होतं, सिनेमा बघून जा म्हणून. खेळ सुटला तेव्हा मेजर जीपचं बॉनेट पुसत होते. तो सरळ गेला आणि त्यांची गचांडी धरली.

"कुठल्या हिरीत टाकलीस?"

मेजरांनी हात वर केले नाहीत. "दाजी म्हणत हुतास मला," एवढंच ते म्हणाले. सिनेमा बघून बाहेर पडलेली शेदोनशे माणसं गोल करून उभी राहिली. सोडवायला कुणी पुढं झालं नाही. मीही नाही. शेवटी तोच रडायला लागला आणि त्यानं हात काढला.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मेजरांचं सांगून होणार नाही.

दोन दिवसांनी दुपारी ते बुकिंगच्या खोलीत बोर्डाचा कागद खळीनं चिकटवत होते. दोघंच होतो. माझ्या डोक्यातही तो सिनेमा होता. मी तो दारातून चार वेळा बघितला होता. मी विचारलं, "मेजर, रागावू नका. त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं का?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "झालं हुतं. तिला यष्टीनं जायचं हुतं. पहाटंची यष्टी धरू, दुपारी पोचू म्हणत हुती. मी म्हणलो, जीप नेतो. सासरवाडीत एकदा तरी जीपनं जावं, ही हौस माझी. वाटंत गाडी बंद पडली तवा लय बोलली. कानडीत बोलली. मीबी बोललो. तसाच डबा उचलून गेलो."

ते परत खळ लावू लागले. आणि संध्याकाळच्या आत मी ते मालकांना सांगितलं. का सांगितलं, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. मालकांनी विचारलं होतं, हे खरं. पण नुसतं 'मला माहीत नाही' म्हणता आलं असतं. खरं म्हणजे मलाही तेव्हा तसंच वाटू लागलं होतं.

मालकांची फौजदारांशी उठबस होती. दुसऱ्या दिवशी मेजरांना चौकीवर नेलं. दोन दिवस ठेवलं. एक दिवस त्यांना जतच्या रस्त्यावर त्या जागी नेलं आणि आसपासच्या दोन कोरड्या विहिरींत माणसं उतरवली. दगड आणि एक मेलेला कुत्रा, एवढंच निघालं. सोडलं तेव्हा मेजर डावा पाय ओढत आले. कुणी मारलं का, असं मी विचारलं नाही. त्यांनी जीपला किल्ली लावली आणि चारच्या फेरीला गेले.

सिनेमा पाच आठवडे चालला. आमच्या थेटरात एवढा कुठलाच चालला नव्हता. खेळ सुटला की लोक जीपजवळ रेंगाळत आणि त्यांच्याकडं बघत. एक बाई पोराला कडेवर घेऊन बोटानं दाखवत होती, ते मी पाहिलं. मालकांनी त्यांना कामावरून काढलं नाही. आधी मला तो मालकांचा चांगुलपणा वाटला. नंतर वाटेनासा झाला.

मालकांचा एक तंबूतला फिरता सिनेमाही होता. आठवडी बाजार बघून गावोगाव तंबू ठोकायचा. आमच्याकडं खेळ संपल्यावर हीच पेटी तंबूबरोबर आटपाडी आणि जतच्या बाजूला जाणार होती. मेजर मालकांपुढं उभे राहिले. "मला तिकडं पाठवा." मालकांनी पाठवलं. तिकिटांना मला पाठवलं. मी मुकाट्यानं गेलो.

पहिलं गाव आटपाडीच्या पुढचं. दुपारी बाजार भरला होता. जीप वेशीत उभी करून मेजरांनी सिनेमाचं सगळं पुकारलं. पण माइक खाली ठेवला नाही.

"आता दुसरं सांगतो. माझी बायको निलव्वा. दोन वर्षांमागं दुष्काळाच्या उन्हाळ्यात जतच्या अलीकडं रस्त्यावरनं नाहीशी झाली. हिरवं लुगडं, हातात गाठोडं, डाव्या मनगटावर तुळस गोंदलीया. कुणी बघितली असंल तर तंबूवर येऊन सांगा."

वहिनींचं नाव निलव्वा, हे मला त्या दिवशी कळलं. सात वर्षं शेजारी राहून मेजरांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं.

बाजारातली माणसं हसली. त्यांना वाटलं ही सिनेमाचीच जाहिरात आहे. एकानं शिट्टी वाजवली. मेजरांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला. "ही शिनेमातली न्हवं. ही माझी बायको हाय." त्यावर आणखी हसले.

प्रत्येक गावात हेच झालं. सिनेमाचं पुकारायचं, मग निलव्वाचं. लोक हसत, मग कुणी एखादा म्हातारा त्यांच्या तोंडाकडं बघून बाकीच्यांना गप्प करी. मालकांना कळलं तसा त्यांनी निरोप पाठवला, की हे बंद करा. मी तो निरोप मेजरांना दिलाच नाही. तेवढं एक मी केलं.

जतच्या पुढं पाचव्या गावी आम्ही तंबू ठोकला. दुपारची वेळ होती. मेजर जीपखाली आडवे होऊन काहीतरी आवळत होते. एक म्हातारी धनगरीण तंबूपाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर घोंगड्याची खोळ, हातात लोकर कातायची चाती. ती मला म्हणाली, "त्यो बोलनारा कुटं हाय?"

मेजर बाहेर आले. म्हातारी खाली बसली, तेही तिच्यापुढं मातीत बसले. ती कानडी आणि मराठी मिसळून बोलत होती. मला कळलं तसं सांगतो.

ती मेंढरांमागं मुलूखभर हिंडणारी; त्या दिवशी तिची मेंढरं जतच्या अलीकडं रस्त्याकडच्या बाभळींत होती. जीपच्या सावलीत एक बाई बसली होती. कानडी बोलणारी निघाली, म्हणून दोघी बोलत बसल्या. बाई सारखी रस्त्याकडं बघत होती. आई जाते की राहते, म्हणत होती. तेवढ्यात खडीच्या कामावरची माणसं घेऊन एक ट्रक आला. बाईनं हात केला. ट्रक तिच्या गावावरूनच पुढं जाणार होता. बाईनं गाठोडं वर टाकलं, चढली.

"मला म्हनली, मालक पान्याला गेल्यात. त्यास्नी सांग, मी म्होरं जाती, आईकडं. मागनं या म्हनावं."

मेजरांचा आवाज खाली गेला होता. "मग मावशी, सांगितलं न्हाईस?"

"बसली की रं बाबा. लय येळ बसली. मेंढरं तानेली. किती येळ बसू? पान्याला न्हेली त्यास्नी. परत आली तर जीप न्हवती. मला वाटलं, गेला तिच्यामागनं." म्हातारीनं चाती मांडीवर ठेवली. "पोचली न्हवं ती?"

"बघतो आता," मेजर म्हणाले. मग उठून त्यांनी म्हातारीला तांब्याभर पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी तंबू दुसऱ्यांवर सोपवून आम्ही दोघं जीपनं निघालो. वहिनींच्या गावाच्या फाट्याला दोन मैल राहिले असता एक कोरडा ओढा लागतो. तिथल्या चहाच्या हॉटेलवाल्यानं विचारल्याबरोबर सांगितलं. त्या उन्हाळ्यात कामावरच्या माणसांचा ट्रक त्या ओढ्यात उलटला होता. दोघं जागीच गेले. ज्यांचा जीव होता त्यांना मागून आलेल्या गाडीनं हद्दीपलीकडच्या दवाखान्यात नेलं, कारण तो जवळ पडत होता. वहिनींच्या गावालाही अपघात ठाऊक होता. पण ती कामावरची माणसं, परमुलखातली. आपली लेक जीपनं यायची होती. ट्रकमध्ये तिला कोण कशाला शोधेल?

पलीकडच्या तालुक्याच्या गावी दवाखाना होता. तिथल्या नर्सबाई वयस्क होत्या, त्यांना मराठी येत होतं. त्यांनी आतून जुनं रजिस्टर आणलं. पानं कानडीत. बोट ठेवून त्या एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या. अनोळखी स्त्री. वय तीस-बत्तीस. डोक्याला मार. हिरवी साडी. डाव्या मनगटावर तुळशीचं गोंदण. दोन दिवस होती. वारस आला नाही. नगरपालिकेनं दफन केलं.

मेजरांनी विचारलं, "काय बोलली का?"

"शुद्ध नव्हती फारशी. मधूनमधून बोलायची. 'अव्वा, बंदे,' म्हणायची. आई, आले मी, असं. कानडी बोलते म्हणून आम्हाला वाटलं इथल्याच बाजूची असेल. आम्ही इथल्याच गावांत विचारलं."

आमच्याकडचे पोलीस मराठी बाई शोधत होते आणि इकडं कानडी बाईचा वारस शोधत होते. मेजर रजिस्टरच्या त्या ओळीकडं बघत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"पाणी दिलं हुतं का तिला?" त्यांनी विचारलं.

"दिलं होतं. चमच्यानं. मीच देत होते."

मेजरांनी मान हलवली. नर्सबाईंनी जागा दाखवायला माणूस दिला. गावाबाहेर निवडुंगाच्या कुंपणाशी मातीचे उंचवटे होते, त्यातला नेमका कोणता हे त्या माणसालाही सांगता येईना. मेजर सगळ्यांच्या मधे उभे राहिले. पायातल्या चपला काढल्या होत्या. मी लांब कुंपणापाशी थांबलो. तिथूनही त्यांचं रडणं ऐकू आलं. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

परत येताना मी जीपमध्ये सांगून टाकलं. म्हटलं, "मेजर, भांडणाचं मी मालकांना सांगितलं. त्यावरून तुम्हाला चौकीवर नेलं."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "म्हायती हाय. फौजदारानंच सांगितलं पहिल्या दिवशी, तुमचा बुकिंगवालाच बोललाय म्हणून."

"मग मला बरोबर का आणलंत?"

पुढून बैलगाडी आली, तिला त्यांनी बाजू दिली. मग म्हणाले, "एकट्याला झालं नसतं."

त्यात माफी होती की नाही, मला कळलं नाही. पुढं कधी विचारायचं धाडस झालं नाही.

आधी ते त्या धनगरणीच्या वाडीला गेले. वहिनी पोचल्या नाहीत, हे तिला सांगावं की नाही यावर ते सगळ्या वाटेनं काही ठरवू शकले नव्हते. शेवटी त्यांनी खरं सांगितलं. म्हातारीनं दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून फिरवले आणि बोटं मोडली. मग जिथं जिथं त्यांनी पुकारलं होतं त्या पाचही गावांत ते पुन्हा गेले. सिनेमाचा बोर्ड काढून जीपच्या आत ठेवला होता. "माझी बायको निलव्वा सापडली. ट्रकच्या अपघातात गेली. आता कुणी शोधू नका." यावेळी कुणी हसलं नाही.

शेवटी आमचं गाव. सकाळची दहाची वेळ, चौक भरलेला. फौजदार समोरच्या न्हाव्याकडं दाढी करत बसले होते. मेजरांनी तेवढीच तीन वाक्यं पुकारली, कुणावर ठपका ठेवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. मग पुढच्या आळीला जाऊन तेच. सगळ्या आळ्या झाल्या. पानवाला दुकान उघडं टाकून खाली उतरून उभा होता. फौजदारांनी गालाचा साबण पुसला आणि अर्धी दाढी राहिलेली असतानाच निघून गेले.

वहिनींचा भाऊ दोन दिवसांनी आला. दाराबाहेर बसून राहिला, आत येईना. मेजरांनी त्याला हाताला धरून आत नेलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

त्याच महिन्यात त्यांनी किल्ली मालकांपुढं ठेवली. खोल्यांतलं सामान गाठोड्यात बांधलं. मला वाटलं ते आपल्या गावी पाटणकडं जातील; भावकी होती, थोडी जमीन होती. ते जतपलीकडं सासूकडं गेले. वहिनींचा भाऊ नोकरीला सांगलीत, म्हातारी एकटीच होती. लेक जिच्यासाठी घाईनं ट्रकवर चढली ती म्हातारी अजून जगत होती, आणि तिला कुणीतरी पाणी आणून द्यायला हवं होतं.

तीन वर्षांनी मी एकदा तिकडं गेलो. मेजर खूप वाळले होते. मला बघून त्यांना बरं वाटलं, पण बोलले थोडं. आवाज इतका बारीक झाला होता, की समोर बसूनही मला पुढं वाकावं लागत होतं. म्हातारीला आता दिसत नव्हतं. तिनं माझा हात हातात घेऊन चाचपला, कानडीत काही विचारलं. मेजरांनी तिला कानडीत उत्तर दिलं. ज्वारीची भाकरी, चटणी, असं जेवण झालं. थेटराचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना ते म्हणाले, "वैनीस्नी सांगा, आठवण काढली म्हणून." माझं लग्न झाल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

यष्टी माळावरच्या फाट्यावरून सुटली. खिडकीतून मला ते दोघं दिसले. पाण्याला निघाले होते. मेजर खांद्यावर कावड घेऊन पुढं आणि म्हातारी मागं, काठी टेकत. दहा पावलं गेली की मेजर थांबायचे. म्हातारी येऊन त्यांच्या पाठीला हात लावायची, मग ते पुढं निघायचे. पुन्हा दहा पावलं, पुन्हा थांबायचे. रस्ता वळला तेव्हा ते उन्हात उभे होते आणि म्हातारी अजून दोन पावलं मागं होती.